होड्यांची नाडी बघणारी गुनवोर

स्वीडनच्या ओरुस्त बेटावर माणूस गेला की चर्चच्या हॉलमध्ये कॉफी होते, आणि होडी गेली की इल्वाच्या यार्डात. दालचिनीचे पाव दोन्हीकडे असतात. फरक एवढाच, की होडीच्या वेळी लोक मोकळेपणी रडतात.

लाकडाची होडी शहाणी असते. तिचे दिवस भरले की ती कुजते आणि मालकाला मोकळं करते. फायबरची होडी मात्र मरायचं नाव घेत नाही. पन्नास वर्षांपूर्वी या बेटावर ज्याला म्हणून पत्र्याची शेड होती, त्याने काचेच्या कापडावर राळ ओतून होड्या काढल्या. कोणी शेतकरी, कोणी मासेमार, एक तर पूर्वी शवपेट्या करायचा. विकत घेणारे म्हातारे झाले, काही देवाघरी गेले, आणि होड्या परसात तशाच पडून राहिल्या. त्यांच्यात शेवाळ उगवलं, मांजरी व्याल्या. शेवटी एक दिवस मुलगी किंवा सून म्हणाली, "आता पुरे," आणि ट्रेलर होड्या मोडायच्या यार्डाच्या फाटकाशी येऊन थांबला.

फाटकाशी निळा डगला घालून उभी असते ती गुनवोर. सत्तरीला टेकलेली, ठेंगणी, खांद्यांनी रुंद. यार्डाची मालकीण ती नव्हे. मालकीण इल्वा, चाळिशीतली इंजिनियर. पण एकदा होडी आत आली, की इल्वासुद्धा चार पावलं मागे सरून उभी राहते. कारण होडी कापायच्या आधी तिच्या पोटात काय आहे ते कळावं लागतं. निव्वळ फायबर असेल तर त्याचा चुरा दाबून फळ्या करतात, बंदरावरच्या बाकांसाठी. आत हलकं लाकूड किंवा फोम भरलेला असेल तर तो ढीग वेगळा, तो सिमेंटच्या भट्टीकडे जातो. आणि राळेच्या थरांत कुठे लोखंड दडलं असेल तर ते आधी बाहेर काढलंच पाहिजे, नाहीतर भरडणाऱ्या श्रेडरचे दात जातात. त्याचे दात आपल्यासारखे चतकोर दिवसात बसवून मिळत नाहीत.

म्हणून गुनवोर खिशातून बर्चच्या लाकडाची छोटी हातोडी काढते आणि होडीभोवती फिरत ठोकत जाते. टण् वाजलं तर भरीव फायबर. थप् वाजलं तर आत फोम. भद्द वाजलं तर लाकूड, आणि तेही पाणी प्यालेलं. लोखंडाचा आवाज मात्र आवाजच नसतो; ठोका मध्येच कोणी गिळून टाकल्यासारखा आखूड होतो. तिथे ती लाल खडूने फुली मारते. इल्वाने एकदा यासाठी जर्मनीहून यंत्र आणलं होतं. ते होडीतल्या प्रत्येक स्क्रूला केकाटायचं, ट्रेलरला केकाटायचं आणि गुनवोरच्या पँटच्या बटणालाही केकाटायचं. आठवड्याभरात ते कपाटात गेलं.

ही विद्या गुनवोरने शिकायची म्हणून शिकली नव्हती. एकोणीस वर्षांची असताना ती होड्यांच्या कारखान्यात लागली आणि पस्तीस वर्षं तिने एकच काम केलं: ओल्या राळेत भिजलेल्या काचेच्या कापडावरून रोलर फिरवून बुडबुडा न् बुडबुडा दाबून बाहेर काढायचा. आत राहिलेली हवा म्हणजे उद्याची भेग. हे तिच्या हाडीमासी इतकं खिळलं होतं, की पहिल्या मुलीला तेल चोळतानासुद्धा ती मधून कडेकडे चोळायची, हवा काढत. मुलगी पुढे नर्स झाली. तिच्यात कुठेही भेग नाही, असं गुनवोर अभिमानाने सांगते.

कारखाना बंद पडला, गुनवोर घरी बसली, आणि घरी बसणं तिला मानवलं नाही. यार्ड उघडलं तेव्हा ती काम मागायला नव्हे, भांडायला गेली होती. "आमच्या होड्या कापताय म्हणे?" असं म्हणत आत शिरली, समोरच्या होडीवर सहज बोटांनी ठोकलं आणि म्हणाली, "हिचा डेक सडलाय. तिथून कापाल तर पाणी उडेल तोंडावर." दिलोवानने तिथूनच कापलं. पाणी तोंडावर उडालं. दुसऱ्या दिवसापासून गुनवोर कामावर.

दिलोवान म्हणजे करवत आणि श्रेडर चालवणारा. उद्देवला गावाहून रोज येणारा कुर्दी बाप्या, तीन मुलींचा बाप, बोलका. गुनवोरला तो मावशी म्हणतो, कारण आईच्या वयाच्या बाईला नुसतं नावाने हाक मारायला त्याची जीभ आजही वळत नाही. स्वीडनमध्ये पंतप्रधानालाही नावाने हाक मारतात, हे त्याला सगळ्यांनी समजावून झालं. "पंतप्रधान माझी मावशी नाही," तो म्हणतो.

तर ठोकून झालं की मालक हमखास विचारायचा, "कशी होती हो?" आणि गुनवोर सांगायची. "थर नीट बसवलेत. करणाऱ्याने घाई केली नाही." किंवा, "डावीकडे हात जरा सैल पडलाय. शुक्रवारी केलेली असणार." पण शेवटी काहीतरी चांगलं सांगायचीच. त्यानंतर थर्मास उघडायचा, पाव वाटायचे, मालक दोन शब्द बोलायचा आणि मग करवत. एका शाळामास्तरांनी अकॉर्डियन वाजवला होता, तोही इतका वाईट की दिलोवानने करवत लवकर सुरू केली.

आता गुनवोरचा कान.

उजवा कान तीनेक वर्षांपासून कुरकुरत होता. पस्तीस वर्षं घासायच्या यंत्रांचा कर्कश्श आवाज आणि राळेचा उग्र वास, तोही कानाला बाधतोच. त्या काळी कानात बोळे घालणाऱ्याला कारखान्यात "भागूबाई" म्हणत, आणि भागूबाई म्हणणाऱ्यांत गुनवोर पहिली. मग डावाही पाठोपाठ निघाला. गुनवोरने कोणाला सांगितलं नाही. हातोडी जरा जोरात मारायला लागली. ठोकताना गाल होडीला टेकवायला लागली. लोकांना वाटलं, प्रेमाने करते.

एकट्या एवाल्दला ठाऊक होतं. एवाल्द म्हणजे नवरा. त्याच कारखान्यात सुतारखात्यात होता, मूळचा स्मोलांडचा, आणि स्मोलांडच्या माणसाच्या कंजूषपणाबद्दल स्वीडनमध्ये जे जे म्हणतात ते ते एवाल्द रोज मन लावून खरं करून दाखवतो. कॉफीचा तोच चोथा दोनदा वापरतो. वाढदिवसाच्या भेटीचा कागद इस्त्री करून ठेवतो. आणि शब्द तर असे खर्च करतो, की प्रत्येकावर कर भरावा लागत असावा.

गुरुवारी रात्री वाटाण्याचं सूप खाताना तो म्हणाला, "कानाचं यंत्र घे."

"काय?"

"बघ."

"बघ काय? सूप भुरकतोयस, त्यात कसं ऐकू येणार?"

"दवाखाना जवळजवळ फुकट देतो," एवाल्द म्हणाला. त्याच्याकडून याहून मोठी शिफारस होऊ शकत नव्हती.

"मला जे ऐकायचं ते येतं ऐकू," गुनवोर म्हणाली, आणि मोहरीची बाटली त्याच्यासमोर ठेवली. त्याने मागितलं होतं मीठ.

तिची भीती एवाल्दला कळत होती. यंत्र कानात घातलं की सगळ्यांना दिसणार. आणि बहिऱ्या बाईला होडी ठोकायला कोण ठेवेल? यार्ड सुटलं की पुन्हा ते घर, ती खिडकी, आणि खिडकीतून दिसणारा शेजाऱ्याचा ध्वजाचा खांब.

एप्रिलमध्ये एक होडी आली. फाटकातूनच गुनवोरने ओळखली: आपल्याच कारखान्याची, सत्त्याहत्तर सालची. नंबर बघितला आणि तिचा चेहरा असा उजळला, की जणू माहेरचं माणूस भेटलं. "अरे, हिचं उजवं अंग मी केलंय! इथे काही नाही. निव्वळ फायबर. मीच केलंय ना." डाव्या अंगाला तिने इंच इंच ठोकलं. उजव्या अंगाला तीन ठोके मारले, तेही घरच्या दारावर मारावेत तसे, शिष्टाचार म्हणून. खडूची फुली नाही. दिलोवानने उजव्या अंगाचे तुकडे केले आणि श्रेडरमध्ये सोडले.

कडाड्! मग कोणीतरी लोखंडी पायऱ्यांवरून भांडी गडगडत सोडावीत तसा आवाज. तो मात्र गुनवोरलाही ऐकू गेला.

आत हातभर लांब पोलादी पट्टी निघाली. मालकाने केव्हातरी हिवाळ्यात, आपल्या शेडमध्ये, घरच्या घरी बसवलेली, आणि तिच्यावर कापडाचे सहा थर इतक्या सुबकपणे चढवलेले की कारखान्यालाही लाज वाटावी. बेटावरचा माणूस हिवाळ्यात दुसरं करणार काय! श्रेडरचे चार दात गेले. नवे यायला तीन आठवडे.

गुनवोरला कोणी बोललं नाही. तेच वाईट झालं. इल्वाने दुसऱ्या दिवशी केक आणला. इल्वा चिडली की केक आणते. बदामाचा केक म्हणजे प्रकरण फारच गंभीर. गुनवोरने तुकडा घेतला आणि तो रुमालात गुंडाळून खिशात ठेवला.

"मावशी, यंत्र आहे, मोडतं," दिलोवान म्हणाला. "माझ्या मोठीने शाळेचा प्रोजेक्टर मोडला, अजून हसते."

गुनवोरला रात्रंदिवस एकच प्रश्न छळत होता. आपण ऐकलंच नाही, की आपल्याला ऐकू आलं नाही? आपल्याच हाताच्या कामावर भरवसा ठेवून गाफील राहिलो असू, तर तो गर्व. पुढच्या वेळी लक्ष देऊ. पण कानच गेला असेल, तर पुढची वेळच नको. ती घरभर हातोडी घेऊन ठोकत सुटली. फ्रिज, न्हाणीघराचं दार, खाटेची पाटी. एवाल्द वर्तमानपत्र वाचत बसलेला. त्याच्या खुर्चीच्या पाठीवर ठोकून ती म्हणाली, "ही पोकळ आहे, ना?"

"भरीव आहे. मी केलीये."

गुनवोर खाली बसली. मग म्हणाली, "सोमवारी इल्वाला सांगते, मी काम सोडते म्हणून."

एवाल्दने वर्तमानपत्राची घडी घातली. पण सोमवारी सकाळी, ती उठायच्या आत, तो सायकल काढून निघून गेला. पाऊस होता. एवाल्द पावसात सायकल काढत नाही. साखळीला गंज चढतो.

गुनवोर यार्डात पोचली तेव्हा इल्वाच्या केबिनमध्ये एवाल्द बसला होता, टोपी गुडघ्यावर, आयुष्यात पहिल्यांदाच. गुनवोरने दार ढकललं. इल्वाने तिला खुणेने बसायला सांगितलं. ती नवऱ्याच्या शेजारी बसली, आणि एवाल्द खाली मान घालून बोलत राहिला. तो काय बोलला हे गुनवोरला नंतर कळलं. ते असं होतं:

"जुनी रीत आहे. डोलकाठीच्या बुडाशी नाणं ठेवायचं, म्हणजे होडी बुडत नाही. कारखान्यात फोरमन प्रत्येक होडीसाठी दोन क्रोनरचं नाणं द्यायचा. मी ते खिशात घालायचो. नाण्याऐवजी लोखंडी नट टाकायचो राळेत. स्मोलांडचा आहे मी. श्रेडर माझ्यामुळे मोडला. तिची चूक नाही."

इल्वाने खण उघडला आणि ती हातभर पोलादी पट्टी टेबलावर ठेवली. "हा नट?"

एवाल्दने पट्टीकडे बघितलं. "मोठा नट होता."

"आणि डोलकाठीच्या बुडाशी नव्हता. उजव्या अंगात होता."

"सरकला असेल."

"एवाल्द, तू सुतारखात्यात होतास."

"दुपारच्या सुट्टीत जायचो तिकडे."

इल्वाच्या ओठांची कड हलायला लागली. तिने गुनवोरकडे वळून विचारलं, "गुनवोर, खरंय का हे?"

गुनवोर हसली. पाहुण्यांकडे गेल्यावर हसतो तसं, सगळ्यांना मिळून एकच. मान डोलावली. इल्वा तिच्याकडे बघत राहिली. मग हळूच, ओठ फारसे न हलवता म्हणाली, "तुझा नवरा म्हणतोय, तो चोर आहे."

गुनवोरने पुन्हा मान डोलावली. आणि मग तिला दोघांचे चेहरे दिसले. एवाल्दने गुडघ्यावरची टोपी डोक्यावर चढवून डोळ्यांवर ओढून घेतली होती.

थोडा वेळ कोणी काही बोललं नाही. निदान गुनवोरला ऐकू आलं नाही.

"काय सांगितलंस तू हिला?" तिने एवाल्दला विचारलं. त्याने सांगितलं, या खेपेला मोठ्याने, एकेक शब्द तोडून. बाहेर करवतीला तेल घालणारा दिलोवान थांबून ऐकायला लागला इतक्या मोठ्याने. साऱ्या बेटासमोर आपण दोन-दोन क्रोनरची चोरी करत होतो, हे त्या भल्या माणसाने दुसऱ्यांदा कबूल केलं. ज्याने उभ्या जन्मात कोणाचा खिळा घेतला नव्हता.

"गाढवा," गुनवोर म्हणाली. तिचा आवाज फुटला. "चार माणसं काय म्हणतील?"

"कंजूष म्हणतील. म्हणतातच."

गुनवोरने त्याची टोपी वर सारली, त्याच्या ओल्या कपाळावरचं पाणी आपल्या बाहीने पुसलं आणि इल्वाकडे वळली. "हा खोटं बोलतोय. उजवा कान गेलाय माझा. डावा निम्मा. दोन वर्षं झाली. लपवलं मी. त्या दिवशी मी लक्ष दिलं नाही हेही खरं, आणि दिलं असतं तरी ऐकू आलं नसतं, हेही. काय करायचं ते कर."

इल्वाने केक आणला नाही. म्हणजे ती चिडली नव्हती. ती म्हणाली, "कानाचं यंत्र घे. जूनच्या उन्हाळी सणापर्यंत बघू. पुन्हा तसं ऐकू आलं, तर राहा. नाही आलं, तर मी तुला खोटं सांगून ठेवून घेणार नाही. आणखी चार दात मला परवडायचे नाहीत."

यंत्र आलं. पहिल्या दिवशी गुनवोरला वाटलं, जग बिघडलंय. वर्तमानपत्राचं पान उलटलं की झाड कोसळल्यासारखं. समुद्रपक्षी तर कानाच्या आतच घरटं करून बसलेले. आणि हातोडीचा ठोका! भरीव, पोकळ, ओलं, सगळं एकाच रिकाम्या डब्यासारखं वाजायचं. पन्नास वर्षांची विद्या पाटीवरून पुसून टाकल्यासारखी गेली. ती ट्रेलरच्या आडोशाला जाऊन रडली, आणि आपलं रडणंही इतकं मोठं ऐकू आलं की दचकून थांबली.

मग ती बालवाडीत बसली. कापलेल्या तुकड्यांच्या ढिगाशी स्टूल टाकून. तुकडा ठोकायचा, काय आहे ते सांगायचं, आणि उलटून कापलेल्या कडेकडे बघायचं. तुकडे उलटायला एवाल्द यायचा, संध्याकाळी, फुकट. तिला कड दिसू नये म्हणून तुकडा पोटाशी धरून उभा राहायचा.

"फोम."

"चूक," एवाल्द म्हणायचा. हा शब्द मात्र तो सावकाश, चव घेऊन उच्चारायचा. चाळीस वर्षांच्या संसारात त्याला तो म्हणायची संधी फार मिळाली नव्हती.

"लाकूड."

"चूक."

"मघाशी हेच लाकूड होतं!"

"मघाशी ते दुसरं होतं."

मे महिन्यात "चूक" कमी झालं. शेवटी शेवटी एवाल्द नुसताच तुकडा खाली ठेवून दुसरा उचलायचा. बरोबर आलं तर शब्द कशाला खर्च करा!

जूनच्या सणाला दोन दिवस उरले असताना एक होडी आली. लहानशी, पांढरी, मागच्या बाजूला निळ्या अक्षरांत नाव: "उगाचच". आणणारा एकटाच म्हातारा, निवृत्त टपालवाला, थर्मास काखेत. इल्वा बाहेर आली. दिलोवानने करवत खाली ठेवली. सगळ्यांना ठाऊक होतं आज काय आहे ते, टपालवाल्याखेरीज.

गुनवोरने हातोडी काढली. या वेळी तिने होडीला गाल लावला नाही. पुढच्या टोकाच्या नाळेपासून सुरुवात करून एकेक वीत सरकत गेली. टण्, टण्. भद्द. खडूची खूण. पुन्हा टण्. ठोका गिळला गेला, लाल फुली. दोन ठिकाणी फुली, एका ठिकाणी ती थांबली. पुन्हा ठोकलं. इकडून, तिकडून. पूर्वीची गुनवोर एव्हाना काहीतरी ठणकावून सांगून मोकळी झाली असती. तिने खडूने प्रश्नचिन्ह काढलं.

"इथे मला कळत नाही," ती म्हणाली. "खिडकी पाड रे."

दिलोवानने वीतभर चौकोन कापला. आत लोखंड नव्हतं. जुन्या दुरुस्तीचा राळेचा गोळा होता, दगडासारखा. दोन्ही फुल्यांखाली मात्र पोलादी पट्ट्या निघाल्या. मग इल्वाने खडू घेतला, जिथे काहीच खूण नव्हती अशा तीन जागा स्वतः निवडल्या, आणि तिथेही कापायला लावलं. निव्वळ फायबर. तिन्ही ठिकाणी.

"सोमवारी सहा होड्या येतायत," इल्वा गुनवोरला म्हणाली. "लवकर ये." आणि केबिनमध्ये निघून गेली. दिलोवानने दोन्ही हात वर करून जो काही नाच केला, तो बहुधा कुर्दी लग्नातला असावा.

टपालवाल्याने पाव वाटले. मग त्याने विचारलं, "कशी होती?"

"राळ थोडी जास्त ओतलीये," गुनवोर म्हणाली. "पण ज्याने दुरुस्त केली, त्याने जीव लावलाय."

म्हाताऱ्याने होडीच्या कडेवर हात ठेवला आणि पुटपुटत बोलायला लागला, होडीशी बोलल्यासारखा. गुनवोर मान डोलवायला निघाली होती. दोन वर्षं ती अशीच डोलवत आली होती. किती जणांनी याच आवाजात, इथेच उभं राहून, काय काय सांगितलं असेल! ती थबकली. त्याचा शब्द न् शब्द तिच्या कानात उतरत होता.

"...मी विकत घेऊन आलो, तर बायको म्हणाली, कशाला घेतलीस उगाचच. मला राग आला. दुसऱ्या दिवशी तेच नाव रंगवलं. महिनाभर बोलली नाही माझ्याशी. आणि मग ती जी तिच्यात बसली..."

मागे दिलोवानने करवत सुरू केली. गुनवोरने वळून न बघता हात वर केला.

"थांब रे," ती म्हणाली. "यांचं अजून व्हायचंय."